प्रार्थनेनं बायपासचा पेशंट बरा होतो, हे 'सिद्ध' झालंय का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणाची बायपास ठरली की एक मेसेज हमखास फिरतो: दुरून केलेल्या प्रार्थनेनं हृदयरोगी बरे होतात, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय. ते अर्धंच खरं आहे.

प्रयोग झाला होता. 1988 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या 393 हृदयरुग्णांवरचा अभ्यास छापून आला: काहींसाठी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. दोन्ही गटांत बऱ्याच गोष्टी मोजल्या, मोजक्यांत फरक दिसला. मृत्यू आणि दवाखान्यातले दिवस यांत नाही. एवढ्या गोष्टी मोजल्यावर एखाददुसरी योगायोगानंही जुळते. मेसेजवाले इथंच थांबतात.

2006 चा अभ्यास खूप मोठा होता: 6 रुग्णालयं, बायपासचे 1802 रुग्ण, खर्चाचा मोठा वाटा धर्म-विज्ञान संवादाला पैसा पुरवणाऱ्या टेंपलटन फाउंडेशनचा. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर तेवढं दिलेलं. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्या 52 टक्के आणि न झालेल्या 51 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होतेय हे पक्कं ठाऊक असलेल्यांत मात्र 59 टक्के! 'माझी तब्येत एवढी बिघडलीय?' या धास्तीनं असेल, असा एक अंदाज. सिद्ध तोही नाही.

म्हणून 'देव नाही हे सिद्ध झालं' म्हणणाऱ्यांनीही उड्या मारू नयेत. घरच्यांच्या प्रार्थना कुणी थांबवल्या नव्हत्या, आणि देव असलाच तर तो चाचणीला बांधील थोडाच! सौंदत्तीच्या यल्लम्माला खुशाल नवस बोला, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्त पातळ करायची गोळी बंद करू नका.