आधी डाग ओळखा, मग पुडी उघडा : चार पावडरींचं माहितीपत्रक

या संचात चार पुड्या आहेत : खायचा सोडा, धुण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) आणि ऑक्सिजन ब्लीच. चारही पांढऱ्या आणि दिसायला जवळजवळ सारख्या, पण एकीचं काम दुसरीला जमत नाही. डाग निघत नाही तेव्हा पावडर कमी पडलेली असते असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा पावडर चुकीची निवडलेली असते. म्हणून डागावर काहीही ओतण्याआधी अर्धा मिनिट तो नीट बघा.

खाली ‘लहान चमचा’ म्हणजे 5 मिलीचा सपाट चमचा, ‘मोठा चमचा’ म्हणजे 15 मिलीचा. शीग लावून घेतलेला चमचा जवळपास दुप्पट भरतो, त्यामुळे तो मोजमापात धरू नका.

डाग कुठल्या जातीचा?

ओला असताना दिसत नाही, वाळला की पांढरा उमटतो, नखाने खरवडला तर भुकटी पडते : हा पाण्यातला क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर शंकाच नको. सोड्याने हा डाग शंभर वर्षं घासला तरी निघणार नाही.

पिवळसर, चिकट, बोट ओढलं की रेघ उठते आणि वर पाणी पसरत नाही, थेंब थेंब उभं राहतं : हे जुनं तेल. इथे धुण्याचा सोडा. उष्णता आणि हवा लागून तेलाचं वार्निशसारखं पुट झालेलं असेल तर एका फेरीत निघत नाही, दोन-तीन लागतात.

जाडी काहीच नाही, फक्त रंग आहे (चहा, कॉफी, फळांचा रस) : ऑक्सिजन ब्लीच.

खिळा, पत्र्याचा डबा किंवा नळाभोवतीचा लालसर तपकिरी डाग : गंज. त्यालाही सायट्रिक ॲसिड. कपड्यावरच्या गंजाला क्लोरीनचं ब्लीच कधीही लावू नका, डाग आणखी घट्ट बसतो.

न्हाणीघराच्या फरशीवरचा आणि काचेवरचा करडा मेणचट थर मात्र फसवतो. तो साबण आणि क्षार यांच्या संयोगाने झालेला असतो, म्हणून नुसत्या साबणाने घासला की हाताला घसरतो आणि तिथेच राहतो. आधी सायट्रिक ॲसिडचं पाणी (1 लिटरला 2 मोठे चमचे) फवारून 10 मिनिटं ओलं ठेवा आणि धुऊन टाका. मग भांड्यांच्या साबणाने घासा. ॲसिड थरातला कॅल्शियम सोडवतं, मागे राहिलेला तेलकट भाग साबण उचलतो. क्रम उलटा केला तर मेहनत दुप्पट होते.

सोडा आणि ॲसिड एकत्र का घालू नये

फेस खूप येतो आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही पावडरी एकमेकींना संपवत असतात. साधारण 4 ग्रॅम खायचा सोडा 3 ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण मारतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं ते जवळपास खारट पाणी. त्याला ना क्षार सुटतो, ना तेल. व्हिनेगर आणि सोड्याचंही तेच. दोन्ही लागणारच असतील तर एक लावा, स्वच्छ धुवा, मग दुसरं.

तुंबलेल्या सिंकमध्ये हा फेस ओतण्याची पद्धत फार पसरली आहे. नळीत गोठलेलं तेल त्याने हलत नाही. आधी दुसरं भोक (वरचं पाणी जाणारं) ओल्या फडक्याने बंद करून रबरी पंप मारा. त्याने सुटलं नाही तर सिंकखालचा वाकडा पाइप बादली ठेवून उघडा, अडथळा बहुतेकदा तिथेच असतो. नुसतं पाणी हळू जात असेल तर 1 लिटर गरम पाण्यात 3 मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ओता, 15 मिनिटांनी गरम पाणी सोडा. पाइप पीव्हीसीचा असेल तर उकळतं पाणी नको. तो मऊ पडतो आणि सांधे सुटतात. हाताला सोसवत नाही इतपत गरम पुरे.

किटली, नळाची जाळी, शॉवर

किटलीत 1 लिटर पाणी गरम करा, उकळू देऊ नका. बंद करून त्यात सायट्रिक ॲसिडचे 2 मोठे चमचे घाला आणि 20 ते 30 मिनिटं तसंच ठेवा. ॲसिड घालून खळाखळा उकळलं की काम लवकर होईल असं वाटतं, पण कॅल्शियम सायट्रेट हा क्षार पाणी जितकं गरम तितका कमी विरघळतो. जाड पुट असेल तर तो पांढऱ्या गाळासारखा पुन्हा तळाला बसतो आणि मग काढायला आणखी चिवट होतो. पुट फार असेल तर कोमट पाण्यात दोनदा करा. शेवटी साधं पाणी एकदा उकळून टाकून द्या.

नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, तिच्यातल्या चकत्या कोणत्या क्रमाने बसल्या आहेत ते बघून ठेवा. पेलाभर कोमट पाण्यात 1 मोठा चमचा ॲसिड घालून अर्धा तास बुडवा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासा. चकाकत्या मुलाम्याच्या वस्तू अर्ध्या तासापेक्षा जास्त ॲसिडमध्ये ठेवू नका. रात्रभर विसरलेल्या शॉवरचा मुलामा उडतो.

ॲसिड कुठे चालत नाही : संगमरवर, चुनखडीचा दगड, मोझॅकची फरशी, सिमेंटचे सांधे, ॲल्युमिनियम, भिडाची भांडी. संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. त्यावर पडलेला मंद, निस्तेज ठिपका म्हणजे डाग नसून दगडच विरघळलेला असतो. तो पुसून जात नाही, पॉलिश करूनच घ्यावा लागतो.

करपलेलं भांडं

स्टीलचं असेल तर करपलेला भाग बुडेल इतकं पाणी घाला, दर लिटरला खायच्या सोड्याचे 2 मोठे चमचे, आणि मंद आचेवर 10 मिनिटं उकळू द्या. उकळताना खायच्या सोड्यातला काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, म्हणून गरम केलेलं द्रावण थंडपेक्षा जोरदार असतं. कढत्या पाण्यात सोडा एकदम टाकू नका, उतू जातो. गार झाल्यावर लाकडी उलथण्याने खपल्या ढकला. सुटल्या नाहीत तर पुन्हा तेच करा, पण तारेच्या घासणीकडे वळू नका. तिच्या ओरखड्यांमध्ये पुढचं अन्न आणखी घट्ट धरतं.

ॲल्युमिनियमला सोडा अजिबात नको, धुण्याचा तर मुळीच नाही. भांडं काळवंडतं आणि धातू झिजतो. त्यात भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी घालून रात्रभर ठेवा. आधीच काळं पडलं असेल तर 1 लिटर पाण्यात 1 लहान चमचा सायट्रिक ॲसिड घालून 5 मिनिटं उकळा आणि लगेच ओतून धुवा. ॲल्युमिनियमला ॲसिड वर्ज्य सांगूनही हा उपाय देतो आहोत, कारण इथे ते पातळ आहे आणि वेळ थोडा. तेच पाणी भांड्यात ठेवून दिलंत तर खड्डे पडतील.

चुलीवरच्या धुराड्याच्या जाळ्यांनाही हाच नियम. जाळी स्टीलची असेल तर 1 लिटर गरम पाण्याला धुण्याच्या सोड्याचे 2 मोठे चमचे, अर्धा तास भिजत. हलकी, मऊ, बोटाने वाकणारी जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते; तिला फक्त साबण आणि गरम पाणी. लोहचुंबकाने परीक्षा करू नका, कारण बरंचसं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.

स्टीलवर इंद्रधनुषी छटा आली तर घाबरू नका, ती उष्णतेने आलेली पातळ झिलई आहे. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने पुसली की जाते. तळाला पडलेले बारीक खड्डे मात्र जात नाहीत. ते थंड पाण्यात मीठ टाकून तसंच ठेवल्याने पडतात. मीठ पाणी उकळल्यावर घाला आणि लगेच ढवळा.

कपडे आणि चहाचे डाग

रक्त, दूध, अंडं यांना आधी थंडच पाणी. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं शिजून धाग्याला धरतात. तेलाच्या डागाला उलट : कोरड्यावरच भांड्यांचा साबण चोळा, 10 मिनिटांनी कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा.

ऑक्सिजन ब्लीच थंड पाण्यात जवळजवळ झोपलेलं असतं. पाणी 40 ते 60 अंश हवं. 2 लिटरला 1 मोठा चमचा पूर्ण विरघळवून सुती कपडे 1 ते 4 तास भिजवा. रेशीम, लोकर आणि चामड्याला लावू नका. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी थेंब टाकून बघा. द्रावण काही तासांत निकामी होतं, म्हणून लागेल तेवढंच करा.

थर्मासच्या आतला चहाचा थर याच पावडरीने सुरेख निघतो : 1 लिटर गरम पाण्याला 1 लहान चमचा, अर्धा तास, मग तीन-चारदा धुवा. झाकण मात्र उघडंच ठेवा. या द्रावणातून सतत ऑक्सिजन सुटतो; बंद बाटली किंवा फवाऱ्याचा डबा फुटू शकतो.

स्वयंपाकात

खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड पदार्थात वापरायचं असेल तर पुडीवर ‘खाद्य दर्जा’ लिहिलेलं हवं. बाकीच्या दोन पावडरी अन्नाजवळही नेऊ नका.

जड पाण्यात कडधान्य शिजत नाही, कारण पाण्यातला कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतो. भिजवण्याच्या 1 लिटर पाण्यात पाव लहान चमचा सोडा पुरतो. जास्त घातला तर साल सुटून लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि बी-1 जीवनसत्त्वही नष्ट होतं. आंबट पदार्थ, टोमॅटोसुद्धा, दाणा मऊ झाल्यावरच घाला. आंबटाने पेक्टिन कडक राहतं. हिरव्या भाज्या हिरव्या राहाव्यात म्हणून सोडा घालण्याची सवय आम्हाला पटत नाही. रंग राहतो, भाजी मात्र गिळगिळीत होते.

हे कधीही एकत्र करू नका

क्लोरीनचं ब्लीच आणि कोणतंही ॲसिड (सायट्रिक, व्हिनेगर, शौचकूप साफ करण्याचं द्रव) एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया यांचाही विषारी वायू होतो. बहुतेक अपघात मुद्दाम मिसळून होत नाहीत. एक टाकून न धुता दुसरं टाकल्याने होतात. डोळे चुरचुरले, खोकला आला तर त्यावर आणखी काहीही ओतू नका. लगेच बाहेर पडा, दारं-खिडक्या जाता जाता उघडता आल्या तरच उघडा. बाहेर आल्यावरही श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जा.

धुण्याचा सोडा आणि ऑक्सिजन ब्लीच हाताळताना रबरी हातमोजे घाला. डोळ्यात काही उडालं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, मग डॉक्टरकडे जा.

साठवण

पुड्या मूळ नावासकट ठेवा, खाण्याच्या बरण्यांमध्ये ओतू नका, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा. सायट्रिक ॲसिडचे दमट हवेत खडे होतात. ते फोडून वापरा, ताकद तीच असते. ऑक्सिजन ब्लीचच्या पुडीत मात्र ओला चमचा गेला तर तिथूनच वायू सुटायला लागतो, पुडी फुगते आणि पावडर हळूहळू साध्या सोड्यावर येते. फुगलेली पुडी मोकळ्या हवेत उघडा, झाकण सैल ठेवा आणि उरलेली पावडर धुण्याचा सोडा म्हणून वापरा.