सिट-अँड-गो आणि एका टेबलाचं सॅटेलाइट

ऑनलाइन पोकरच्या या दोन छोट्या स्पर्धा. सिट-अँड-गो टेबल भरलं की लगेच सुरू होते, सॅटेलाइट ही मोठ्या स्पर्धेत शिरायची पायरी. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. नऊ-दहा खेळाडू, एकच टेबल, सुरुवातीला सगळ्यांना सारख्या चिप्स, दर काही मिनिटांनी चढणारे ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिप्स). फरक बक्षिसात असतो, आणि खेळायची रीत तिथूनच बदलते.

सिट-अँड-गोमध्ये पहिल्या तिघांना साधारणपणे जमा रकमेचे ५०, ३० आणि २० टक्के मिळतात. सॅटेलाइटमध्ये मिळतं मोठ्या स्पर्धेचं तिकीट, आणि एका टेबलावर बहुधा ते एकच असतं. २००३ साली टेनेसीचा अकाउंटंट क्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला. तिथली प्रवेश फी १०,००० डॉलर होती. तो २५ लाख डॉलर जिंकून गेला. तेव्हापासून या तिकिटांचं वेड फोफावलं. (भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तेव्हा पुढचं गणित परदेशातल्या टेबलांचं.)

समजा चार जण उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स. एकाने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. कॉल करायचा का, म्हणजे तितक्याच चिप्स लावून भिडायचं का? ब्लाइंडच्या चिप्स तूर्त बाजूला ठेवू.

सिट-अँड-गोमध्ये या क्षणी बक्षिसाच्या रकमेत तुमचा सरासरी अपेक्षित वाटा २५ टक्के. जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, वाटा मात्र ३८ टक्क्यांच्या आसपासच जातो, कारण उरलेल्या दोघांनाही आता बक्षीस नक्की झालेलं असतं. हरलात तर शून्य. म्हणजे जिंकायची शक्यता किमान ६५ टक्के हवी. समोरचा डोळे झाकून कुठल्याही पत्त्यांवर ऑल-इन करत असला, तरी एक्का-राजा जेमतेम तिथवर पोचतो!

एकाच तिकिटाच्या सॅटेलाइटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या की तिकिटाची शक्यताही दुप्पट होते. ५० टक्के पुरे. त्याच बेधडक गड्यासमोर इथे राणी-सत्तीवरही कॉल बसतो. सिट-अँड-गोत मुरलेले लोक नेमके इथेच फसतात: सवयीने पत्ते टाकत, म्हणजे डाव सोडत राहतात आणि तिसरे येतात, जिथे काहीच मिळत नाही.

तिकिटं दोन असली की मात्र पारडं पार उलटं फिरतं. पहिला आणि दुसरा यांत काडीचा फरक नाही. तिघे उरलेत, तिसऱ्याकडे एका ब्लाइंडपुरत्याही चिप्स नाहीत, आणि तुमच्याहून जास्त चिप्सवाल्याने ऑल-इन केलं, तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकून द्यावी. ती जोडी साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. नुसतं बसून राहिलात तर तिकीट त्याहून पक्कं.

सिट-अँड-गो आणि एका तिकिटाचं सॅटेलाइट यांतला फरक शेवटचे दोघे उरल्यावरही राहतो. सिट-अँड-गोत दोघांचेही ३० टक्के पक्के झालेले असतात, झुंज वरच्या २० साठी. एका तिकिटाच्या सॅटेलाइटमध्ये झुंज सगळ्याच्या सगळ्यासाठी. तिथे उतरणाऱ्याने दोघांतल्या खेळाचा सराव आधी करावा, नऊ जणांचं टेबल नंतर.