आतड्यात वर्षानुवर्षांचा मळ चिकटून राहतो का?

‘आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ किलोकिलोने चिकटलेला असतो, तो काढायला अमुक चूर्ण घ्या,’ असा मेसेज फिरत असतो. तसं होत नाही. आतड्याचं अस्तर बुळबुळीत असतं आणि त्यावरच्या पेशी साधारण ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात. मग जुना मळ चिकटणार कशाला? चूर्णानंतर पडणारे दोरीसारखे लांब तुकडे पाहून कुणालाही पटेल. पण ते बहुतेकदा चूर्णातल्याच फुगणाऱ्या तंतूंचे असतात.

पडताळायचं तर मक्याचे दाणे खा. त्यांची साल पचत नाही. बहुधा १ ते ३ दिवसांत ती शौचात दिसते.

बद्धकोष्ठतेत मळ साचतो खरा, पण भिंतीला थर धरत नाही. त्रास लांबला तर डॉक्टरांना दाखवा.