वॉल्डन तळे

वॉल्डन तळे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येस सु. ३० किमी.वर, कॉंकर्ड गावाच्या दक्षिणेला असलेले गोड्या पाण्याचे तळे. क्षेत्रफळ सु. २५ हेक्टर, कमाल खोली सु. ३१ मी. लेखक, निसर्गनिरीक्षक व गुलामगिरीचा विरोधक हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–६२) हा ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ या काळात तळ्याकाठी, स्वतः बांधलेल्या खोपटात राहत होता. जमीन त्याचा स्नेही राल्फ वॉल्डो एमर्सन याची होती. या वास्तव्यावरील त्याचा वॉल्डन (१८५४) हा ग्रंथ सर्वपरिचित आहे.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. थोरोनेच तीन शक्यता नोंदविल्या आहेत. मूळ रहिवाशांचा मेळा भरलेला असताना टेकडी खचली व वॉल्डन नावाची एक म्हातारी तेवढी वाचली, ही पहिली. ती स्थानिक दंतकथा असून तिला दुसरा आधार नाही. काठावर गोट्यांची भिंत रचल्यासारखी दिसते, म्हणून ‘भिंतीने वेढलेले’ या अर्थाच्या ‘वॉल्ड-इन’ या इंग्रजी शब्दावरून नाव पडले, ही दुसरी; ती शब्दसाम्यावर बेतलेली वाटते. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील सॅफ्रन वॉल्डन या गावाचे नाव वसाहतकऱ्यांनी येथे आणले, ही तिसरी. न्यू इंग्लंडमधील असंख्य स्थलनामे याच रीतीने आलेली असल्याने तिसरी उपपत्ती अधिक ग्राह्य ठरते.

तळ्याची निर्मिती हिमनदीशी निगडित आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस माघार घेणाऱ्या हिमनदीने बर्फाचा प्रचंड ठोकळा मागे सोडला. त्याभोवती वाळू व गोटे साचले आणि ठोकळा वितळल्यावर उरलेल्या खोलगट जागी भूजल भरले. तळ्याला ओढा येऊन मिळत नाही की त्यातून निघत नाही. पाणी वाळूतून झिरपत येते आणि तसेच जाते. पाणी नितळ का, याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

तळे अथांग आहे, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या मानले जाई, पण दोरी सोडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. थोरोने ती १८४६ च्या आरंभी, बर्फ फुटण्यापूर्वी घेतली. साधने साधीच होती : होकायंत्र, मोजणीची साखळी, कॉड मासे धरण्याची दोरी आणि तिच्या टोकाला सु. दीड पौंडाचा दगड. दगड तळाशी टेकलेला असताना त्याच्याखाली पाणी नसते, त्यामुळे तो उचलताना दोरीला जास्त ओढ लागते. ओढ कमी झाली की दगड तळापासून सुटला हे हाताला कळते. शंभरावर ठिकाणी खोली घेऊन त्याने नकाशा काढला. सर्वांत खोल जागा १०२ फूट भरली. आधुनिक मोजणीचा आकडाही जवळपास तोच आहे. नकाशावर तळ्याची सर्वाधिक लांबी व सर्वाधिक रुंदी दाखविणाऱ्या रेषा नेमक्या या खोल जागीच छेदतात, असे त्याला आढळले. हा योगायोग की नियम, हे ठरविण्यासाठी त्याने जवळच्या व्हाइट पॉन्डची खोल जागा आधी कागदावर वर्तविली आणि मग मोजली. फरक शंभर फुटांच्या आत निघाला. थोरोची ओळख बहुधा एकांतप्रिय चिंतक म्हणून करून दिली जाते, पण त्याच्या चिंतनाची पक्की बाजू या दोरीत दिसते. पुढे जमीनमोजणी हा त्याच्या उपजीविकेचाच भाग झाला.

१८४६–४७ च्या हिवाळ्यात बॉस्टनजवळच्या केंब्रिजहून रोज शंभरेक आयरिश मजूर बर्फ कापण्यासाठी येत. सु. दहा हजार टनांची, पस्तीस फूट उंच रास गवत व फळ्यांनी झाकून काठावर रचली गेली. मद्रास, मुंबई व कलकत्त्याचे उकाड्याने हैराण झालेले लोक ‘माझ्या विहिरीचे पाणी पितात’, असे थोरोने या संदर्भात लिहिले आहे. सकाळी आपण भगवद्गीता (चार्ल्स विल्किन्सचे भाषांतर, १७८५) वाचतो आणि वॉल्डनचे पाणी गंगेत मिसळते, अशी त्याची कल्पना होती. न्यू इंग्लंडचा बर्फ १८३० च्या दशकापासून मुंबईत उतरत होता, हे खरे. ही रास मात्र बहुतांशी बाजारात गेलीच नाही. ती सप्टेंबर १८४८ पर्यंत काठावरच वितळत राहिली.

तळ्याभोवतीच्या रानात पूर्वी केटो इंग्रॅहम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन अशा गुलामीतून आलेल्या माणसांची वस्ती होती. थोरोने त्यांच्या कोसळलेल्या तळघरांच्या खुणा आवर्जून नोंदविल्या आहेत. जुलै १८४६ मध्ये (बहुधा २३ किंवा २४ तारखेस) दुरुस्त केलेला जोडा आणण्यासाठी तो गावात गेला असता डोईपट्टी थकविल्याबद्दल त्याला अटक झाली व एक रात्र तुरुंगात काढावी लागली. कर कोणी परस्पर भरला, हे निश्चित नाही. बहुतेक चरित्रकारांचा कल त्याच्या आत्याकडे, मारिया थोरोकडे आहे. गुलामगिरीला पाठबळ देणाऱ्या शासनाशी असहकाराचे समर्थन करणारा त्याचा निबंध १८४९ साली निघाला. ‘सविनय कायदेभंग’ या अर्थाचे प्रसिद्ध शीर्षक त्याला मृत्यूनंतर, १८६६ मध्ये मिळाले. गांधीजींनी सत्याग्रहाची कल्पना या निबंधातून घेतली, हे विधान सरसकट स्वीकारता येत नाही. निबंध हाती येण्याआधीच दक्षिण आफ्रिकेतील प्रतिकार बराच पुढे गेला होता, असे त्यांनी १९३५ मध्ये स्पष्ट केले होते.

दुर्गा भागवत यांनी वॉल्डनचा मराठी अनुवाद वॉल्डनकाठी विचारविहार या नावाने केला. आणीबाणीत त्यांनी उघडपणे विरोध केला आणि कारावास पत्करला.

खोपटाच्या जागी १८७२ पासून येणारे-जाणारे दगड ठेवीत आले. रोलंड रॉबिन्स यांना १९४५ मध्ये धुराड्याचा पाया सापडल्यावर नेमकी जागा ठरली. तळ्यालगतची जमीन एमर्सन व अन्य कुटुंबांनी १९२२ साली राज्याला दिली. १९६२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यात येथे पोहणाऱ्यांची गर्दी होते. पाणी ओढ्यावाटे बाहेर वाहून जात नसल्याने पोहणाऱ्यांमुळे वाढणारा फॉस्फरस, ही तळ्याची आजची मुख्य चिंता आहे.