दुसरी धडक

‘मॉन्स्टर हंटर’ या व्हिडिओ गेममधला टायग्रेक्स हा राक्षस अंगावर धावून येतो. आपण बाजूला लोळण घेतो, वाचलो म्हणतो, तोवर तो घसरतच वळलेला असतो आणि पुन्हा आपल्याच दिशेने सुटलेला असतो. नवख्याला ही दुसरी धडक हमखास बसते. बेशुद्ध पडलं की मांजरासारखे दिसणारे मदतनीस आपल्याला हातगाडीत घालून तळावर आणून ओततात. असं तीनदा झालं की सहसा मोहीम फसली. दृश्य अपमानास्पदच आहे, तरी माणसं लगेच पुन्हा निघतात. कॅपकॉम या जपानी कंपनीची ‘मॉन्स्टर हंटर’ मालिका २००४ पासून याच हट्टावर उभी आहे. २०१८ साली आलेल्या ‘वर्ल्ड’ या भागाच्या २ कोटींहून जास्त प्रती खपल्या.

मार खाण्यात एवढं काय आहे?

बऱ्याच गेममध्ये आपलं पात्र लेव्हल चढत बलदंड होत जातं. इथे तशी लेव्हल नाही. मारलेल्या राक्षसाच्या हाडाकातड्यांतून चांगलं चिलखत बनतं खरं, पण दुसरी धडक कधी येणार हे चिलखत सांगत नाही. राक्षसाच्या डोक्यावर त्याच्या ताकदीची पट्टीही दिसत नाही. तो लंगडायला लागला, दमून लाळ गाळू लागला, यावरून काय ते ओळखायचं. त्यात ग्रेट स्वोर्डसारखी अवजड तलवार एकदा उगारली की वार सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणजे राक्षस आत्ता कुठे आहे ते बघून भागत नाही, क्षणभराने तो कुठे असेल तिथे वार टाकावा लागतो.

हे आपल्याला क्रिकेटमुळे ओळखीचं आहे. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी बॅट्समनच्या नजरेचा माग घेणारा कॅमेरा लावून केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बॅट्समन चेंडूवर सतत नजर ठेवत नाही, असं त्यात दिसलं. चेंडू सुटताना तो बघतो, मग नजर थेट टप्प्याच्या जागी उडी मारते आणि तिथे चेंडूची वाट बघते. मुरलेल्या बॅट्समनची नजर ही उडी लवकर घेते. टायग्रेक्सची पाठ वळताना पाहून आधीच लोळण घेणारा खेळाडू वेगळं काय करतो? दिसल्यावर हालचाल करायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो, तेव्हा नुसत्या चपळाईवर निभावणं कठीण.

आता डोपामिन, मेंदूतलं एक रसायन. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे, मला ती फसवी वाटते. मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना एक खूण दाखवून मग फळाचा रस दिला. सुरुवातीला रस मिळताच डोपामिनच्या पेशी पेटत. खुणेचा अर्थ कळल्यावर त्या खुणेलाच पेटू लागल्या, रस आला तरी ढिम्म. कबूल केलेला रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावत. थोडक्यात, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्या मोजतात. हातगाडीची प्रत्येक फेरी हा असा चुकलेला अंदाज असतो, आणि ज्या दिवशी दुसरी धडक पहिल्यांदा चुकते तो अपेक्षेपेक्षा गोड निघालेला रस. राक्षस मात्र कालचाच असतो, त्यामुळे बदल कुणात झाला याबद्दल शंकेला जागाच उरत नाही. पासे टाकून जिंकल्यावर असं छातीठोक म्हणता येत नाही.

अर्थात तोच राक्षस पन्नासाव्यांदा मारताना रस आटतो. म्हणून नव्या भागात जुने राक्षस परत आणताना कंपनी त्यांच्या चालींत थोडी ढवळाढवळ करते. तेव्हा जुने खेळाडू पाठ केलेल्या क्षणी ऐटीत लोळण घेतात आणि हातगाडीत बसतात.