हात आधी, डोकं मागाहून

लिफ्टची वाट बघत उभा होतो. खिशातून फोन काढला, वेळ बघितली, फोन परत खिशात टाकला. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "किती वाजले हो?" आणि मला सांगता येईना! पुन्हा फोन काढावा लागला. मग दोन सेकंदांपूर्वी वेळ बघितली ती कोणी?

हा प्रश्न काही दिवस डोक्यातून जाईना. शेवटी एक छोटी वही जवळ ठेवली. हात फोनकडे गेला की एक रेघ मारायची आणि त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं ते दोन शब्दांत लिहायचं. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पान भरलं. 'कॉम्प्युटरवर पान उघडत होतं.' 'वाक्य अडलं.' 'समोरचा उठून पाणी आणायला गेला.' 'खुर्चीत बसलो.' 'कारण नाही.' त्याखाली पुन्हा, 'कारण नाही.' 'फोन वाजला' ही नोंद मात्र दिवसभरात मोजून तीनदा.

मला वाटलं, हे आपलंच काहीतरी बिनसलंय. पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या मॅक्सी हाइटमायर आणि सादी लालू यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचला आणि जरा धीर आला. त्यांनी 37 जणांना डोळ्यांच्या पातळीवर बसणारे छोटे कॅमेरे दिले आणि नेहमीसारखे दिवस काढायला सांगितले. नंतर त्यांच्याबरोबर बसून ते चित्रण पाहिलं. फोन हाताळल्याचे 1,130 प्रसंग हाती लागले. त्यांतल्या 89 टक्के वेळी फोनने काहीच केलं नव्हतं. तो वाजला नव्हता, थरथरला नव्हता. माणसानेच आपणहून उचलला होता. आपण सगळा राग नोटिफिकेशनवर काढतो, पण सगळ्या नोटिफिकेशन बंद केल्या तरी हे 89 टक्के शिल्लकच राहतात.

म्हणून बघायचं ते हाताकडे.

मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचा पेशींचा समूह आहे. सवयी बसतात त्या बऱ्याच अंशी इथे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळातून पळायला शिकवलं. आवाज झाला की पळायचं, योग्य बाजूला वळलं की बक्षीस. सुरुवातीला उंदीर बोळातून जात असताना या भागातल्या पेशी वाटभर जाग्या असायच्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्या फक्त पळायला सुरुवात करताना आणि शेवटाला पोचताना जोरात बोलू लागल्या. मधला सगळा प्रवास एका गाठोड्यात बांधला गेला. गाठोडं उचललं की आतल्या वस्तू वेगवेगळ्या मोजाव्या लागत नाहीत. हात खिशात, अंगठा काचेवर, अ‍ॅप उघडलं, बोट वर सरकलं, हेही एकच गाठोडं. त्यात 'मला नक्की काय बघायचंय?' हा प्रश्न विचारायला फटच उरत नाही.

हे गाठोडं उचलायचा इशारा बाहेरून येतो, आणि तो किती आंधळा असतो हे पॉपकॉर्नच्या एका मजेदार प्रयोगात दिसतं. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2011 साली प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना आठवडाभर शिळे. ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. चव आवडली का? अजिबात नाही, तसं त्यांनी सांगितलंही. तरी हात चालूच होता. अशीच सवय असलेली दुसरी मंडळी सभेच्या खोलीत पडद्यावर गाण्यांचे व्हिडिओ बघत बसली, तेव्हा मात्र शिळे पॉपकॉर्न त्यांनी बाजूला सारले. जागा बदलली, इशारा गेला. मग संशोधकांनी आणखी एक गंमत केली. चित्रपटगृहातच काहींना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं. तेवढ्यानेच शिळं खाणं कमी झालं. हात अडखळला आणि जिभेचं म्हणणं डोक्यापर्यंत पोचलं.

हे वाचलं त्या दिवशी मी फोन उजव्या खिशातून डाव्या खिशात हलवला. पुढचे दोन दिवस उजवा हात रिकाम्या खिशात जाऊन परत येत होता. एकदा तर बोलता बोलता चार वेळा. दर वेळी थोडं ओशाळायला व्हायचं, आणि त्या ओशाळण्यात विचाराला जागा मिळायची.

आता, शिळे पॉपकॉर्न म्हणजे फोनवरचं बरंचसं बघणं, असं मी म्हटलं तर कोणी भांडायला येईल. कधीकधी ताजंही निघतं की. पण नेमकं तेच तर जास्त चिकटतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की चकतीवर चोचीने ठरलेल्या इतक्या टोचा मारल्यावर दाणा मिळाला, तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं. दाणा कधी तीन टोचांनी, कधी तीसांनी, कधी शंभरांनी मिळाला, की ते न थांबता टोचत राहतं. बोटाने स्क्रीन खाली ओढून सोडायची आणि नवीन काही आलंय का बघायचं, ही हालचाल याच जातीची आहे.

यात डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचं नाव घेतल्याशिवाय हल्ली कोणाचं भागत नाही. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणणं मला तरी फसवं वाटतं. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. अचानक रसाचा थेंब मिळाला की पेशी चमकायच्या. आधी दिवा लागतो आणि मग रस येतो हे माकड शिकलं, तेव्हा पेशी दिव्याला चमकू लागल्या, ठरल्याप्रमाणे आलेल्या रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षा गप्प व्हायच्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्या कळवत होत्या. ज्याचा अंदाज बांधता येत नाही, तिथे हा फरक कधी संपत नाही. अर्धा तास रील बघून 'कशाला बघितलं?' असं वाटूनही बोट वर सरकतं, ते याच वाटेने. ओढ आणि आवड या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय थांबायची खूण काढून टाकलेली. पूर्वी पान संपलं की 'पुढील पान' दाबावं लागे. 2006 साली एझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल तयार केलं. आपण हे काय करून बसलो, अशी खंत त्यांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केली आहे. पानाचा शेवट म्हणजे एक छोटा उंबरठा होता, तिथे माणूस ठेचकाळायचा तरी.

मग उपाय काय? 'उद्यापासून बघायचंच नाही' हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कुचकामी. डॅनियल वेग्नर यांच्या 1987 सालच्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर विचार करायची मुभा दिली तेव्हा तर या मंडळींच्या डोक्यात अस्वलाने जास्तच धुमाकूळ घातला.

त्यापेक्षा अंतर बरं. 2017 साली टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात फोन आवाज बंद करून टेबलावर, खिशात किंवा पिशवीत, नाहीतर दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले आणि स्मरणशक्तीला ताण देणाऱ्या चाचण्या घेतल्या. फोन दुसऱ्या खोलीत असलेल्यांची कामगिरी उजवी ठरली. नंतर हा प्रयोग पुन्हा करणाऱ्या सगळ्यांनाच तसं आढळलं नाही, त्यामुळे 'फोन नुसता जवळ असला तरी बुद्धी कमी होते' असले मथळे मी मनावर घेत नाही. अंतराचा मला पटलेला फायदा साधा आहे. दुसऱ्या खोलीत जायला उठावं लागतं. उठणं त्या गाठोड्यात बांधलेलं नाही.

नोटिफिकेशनचं म्हणाल, तर सगळ्या बंद करण्यापेक्षा ठरावीक वेळी एकदम घेणं चांगलं. 2019 सालच्या एका प्रयोगात 237 जणांवर दोन आठवडे हे करून पाहिलं. दिवसातून तीनदाच गठ्ठ्याने नोटिफिकेशन मिळालेल्यांचं लक्ष आणि मन दोन्ही जास्त थाऱ्यावर राहिलं. ज्यांच्या पूर्णच बंद केल्या, ते काहीतरी सुटतंय या धास्तीत राहिले. स्क्रीन करडी करण्याचाही उपाय आहे. 2020 सालच्या एका अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा वापर त्यामुळे दिवसाला सुमारे 38 मिनिटांनी घटला. मी दोन दिवस केलं, मग नकाशातले रस्ते कळेनात म्हणून रंग परत आणले.

रात्रीच्या निळ्या प्रकाशाची भीती जरा जास्त घातली जाते, असं माझं मत. 2015 सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात 12 जणांनी झोपण्याआधी चार-चार तास उजळ पडद्यावर पुस्तक वाचलं. छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला साधारण 10 मिनिटं जास्त लागली. 'एकच, शेवटचं' म्हणत गेलेला तास या हिशेबात धरलेलाच नाही, आणि तो पिवळ्या फिल्टरने परत येत नाही.

सवय 21 दिवसांत बदलते हेही सोडून द्या. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या निरीक्षणातून आला. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात, असं ते म्हणाले होते. 'निदान' हा शब्द वाटेत गळाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली यांनी 96 जणांना 12 आठवडे एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. मधला आकडा निघाला 66 दिवस. सगळ्यात झटपट 18, आणि गणिताने पुढे ताणून काढलेला सर्वांत मोठा 254. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही.

ग्रेबिएल यांच्या उंदरांचा शेवट सांगायचा राहिला. बक्षीस बंद केल्यावर मेंदूतली ती सवयीची नक्षी विरली. बक्षीस पुन्हा सुरू केलं, तर लगेच जशीच्या तशी परतली. पुसली गेलीच नव्हती. तेव्हा रिकामी जागा रिकामी ठेवण्यापेक्षा तिथे दुसरं काहीतरी ठेवलेलं बरं, एवढं मी त्यातून घेतलं. फोन आता बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि उशाशी, त्याच्याच जागी, चष्म्याची डबी.

आज पहाटे जाग आली तेव्हा हात नेहमीसारखा गेला. डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग डोकं जागं झालं.