यायोई: एका मडक्यावरून नाव पडलेलं युग

1884 साली तोक्योत, विद्यापीठाजवळच्या यायोई नावाच्या वस्तीत आरिसाका शोझो, त्सुबोई शोगोरो आणि शिराई मित्सुतारो यांना तोंड फुटलेलं एक मडकं मिळालं. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्सने 1877 मध्ये तोक्योतल्या ओमोरीच्या शिंपल्यांच्या ढिगातून काढलेल्या जोमोन, म्हणजे त्याआधीच्या शिकार-मासेमारीवर जगणाऱ्या लोकांच्या, भांड्यांपेक्षा त्याची घडण निराळी होती. वस्तीचं नाव मडक्याला मिळालं, मडक्याचं जपानमध्ये भातशेती रुजली त्या युगाला आणि मग माणसांनाही. मडकं नेमकं कुठे सापडलं, यावर मात्र अजून वाद आहे.

मडक्यावरून माणूस किती कळणार? तो दिसला शिझुओकाजवळच्या तोरोला. 1943 मध्ये युद्धसाहित्याच्या कारखान्यासाठी जमीन खणताना तिथे जुनी लाकडं वर आली आणि 1947 पासून रीतसर उत्खनन सुरू झालं. चिखलाने राखलेली भातखाचरं निघाली. बांध ढासळू नयेत म्हणून त्यांना फळ्या आणि खुंट्या ठोकलेल्या. लाकडी कुदळी, चिखलात पाय रुतू नयेत म्हणून पायांना बांधायच्या फळ्या आणि खांबांवर उचललेली कोठारं. खांबाच्या माथ्याशी एक आडवी फळी, उंदराची वाट अडवायला! युद्ध संपेपर्यंत शाळेत सम्राट सूर्यदेवीचे वंशज असल्याची पुराणकथाच इतिहास म्हणून शिकवली जात होती. हरलेल्या, उपाशी जपानला तोरोने साधे शेतकरी पूर्वज दाखवले. मला हे तोरोचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

हे शेतकरी आले कुठून? यामागुची प्रांतातल्या दोइगाहामाच्या वाळूत 1953 पासून सुमारे 300 सांगाडे निघाले. जोमोन लोकांपेक्षा उंच, चेहरे लांबट. कोरियाच्या बाजूने माणसं आली, या मताला त्यांनी बळ दिलं. पण दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या इताझुके आणि नाबाताके इथल्या सर्वांत जुन्या खाचरांत भांडी निघाली ती बरीचशी जोमोन वळणाची. म्हणजे स्थानिकही त्या चिखलात उतरले होते.

2003 मध्ये साकुरा शहरातल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयातल्या संशोधकांनी मडक्यांना चिकटलेली काजळी आणि करपलेल्या अन्नाची खरवड घेऊन रेडिओकार्बन पद्धतीने तिचं वय काढलं. तोवर या युगाची सुरुवात इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात धरत. खरवडीने ती दहाव्या शतकापर्यंत मागे नेली. अनेकांनी हरकत घेतली, कारण एवढ्या जुन्या काळात लोखंडी अवजारं बसेनात. मग सुरुवातीच्या यायोई थरांतून निघालेलं मानलेलं लोखंड एकेक करून पुन्हा तपासायला घ्यावं लागलं.